जुन्या वैमानिकांच्या सह्या, विमान टपालाची कागदपत्रं वगैरे: इथे कोणी जमवतं का?

कागदवेडा

नमस्कार मंडळी. हा धागा काढू काढू म्हणत होतो, पण टंकायचा कंटाळा नडत होता. इथे तिकिटं जमवणारे आहेत, नाणीवाले तर ढिगाने आहेत, पण विमानं नवीनवी होती तेव्हाच्या वैमानिकांच्या सह्यांचे कागद जमवणारं कोणी आहे का? म्हणजे साधारण १९१० ते १९४० मधली पाकिटं, पोस्टकार्डं, पत्रं, चेक, लायसन्स, पावत्या, काहीही चालेल, फक्त त्यावर विमान चालवणाऱ्याची स्वतःच्या हातची सही पाहिजे.

माझं एक ठाम मत आहे, ते आधीच सांगून टाकतो म्हणजे वाद घालायला बरं. सह्या दोन प्रकारच्या. एक चाहत्याला दिलेली, फोटोवर नाहीतर कोऱ्या कार्डावर, 'विथ बेस्ट विशेस' वाली. दुसरी काम करता करता झालेली, की हा कागद पुढे कोणी जपून ठेवेल असं सही करणाऱ्याच्या स्वप्नातही नव्हतं. मला दुसरीच आवडते आणि पैसे घालायचेच तर तिच्यावरच घालावेत.

ऑरव्हिल राइटचंच घ्या. हा माणूस १९४८ पर्यंत जगला, डेटनला राहायचा, बिलं चेकने भागवायचा आणि ते वटलेले चेक बऱ्यापैकी संख्येने बाजारात आले. चेकवर तारीख असते, कोणाला दिला ते असतं, बँकेने रद्द केल्याचा शिक्का नाहीतर भोकं असतात. नकली करणाऱ्याने एवढं सगळं जुळवायचं म्हणजे केवढा उद्योग, तो आपला कोऱ्या कार्डावर सही ठोकून मोकळा होतो. थोरल्या विल्बरचं मात्र अवघड आहे, तो १९१२ लाच टायफॉइडने गेला, त्यामुळे त्याची सही कुठे दिसली की आधी संशय घ्यायचा, आनंद नंतर.

आणि आपल्याकडचं म्हणाल तर जगातलं पहिलं अधिकृत विमान टपाल आपल्याच देशात उडालंय हे किती जणांना माहिताय? १८ फेब्रुवारी १९११, अलाहाबादच्या प्रदर्शनाचं मैदान ते यमुनेपलीकडचं नैनी, अंतर जेमतेम दहा किलोमीटर, वेळ १३ मिनिटं, पत्रं साधारण ६५००. चालवणारा हेन्री पेके, २३ वर्षांचा फ्रेंच पोरगा. घडवून आणणारा वॉल्टर विंडहॅम. पत्रामागे ६ आणे घेतले आणि ते पैसे तिथल्या एका विद्यार्थी वसतिगृहाला दिले. पत्रांवर किरमिजी रंगाचा खास गोल शिक्का. ती पाकिटं लिलावात अजून येतात, पण पेकेच्या सहीची विमानाच्या चित्राची कार्डं अगदी मोजकी, आणि ती दिसली की हात थरथरतो.

तर आपापली भर घाला.

जुहूकर

वा कागदवेडा, विषय मस्त. पण मत पटलं नाही. पेकेची कार्डं तुमच्या कुठल्या खान्यात बसतात? ती तर हौशी लोकांसाठीच केलेली, म्हणजे तुमच्या हिशोबात कमअस्सलच झाली की. आणि त्यांच्यासाठी तुमचाच हात थरथरतोय :)

माझ्याकडे जे आहे ते टाटांच्या टपालाभोवतीचं. १५ ऑक्टोबर १९३२ ला जेआरडी कराचीच्या ड्रिघ रोड विमानतळावरून पस मॉथ हे छोटं विमान घेऊन निघाले, अहमदाबादला थांबले, तिथे पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आणून टाकी भरली आणि दुपारी जुहूला उतरले. पुढे मुंबई ते मद्रास नेव्हिल विन्सेंटने नेलं, रात्रीचा मुक्काम बेल्लारीला. हा विन्सेंट मला जेआरडींपेक्षा जास्त खुणावतो. मूळचा दक्षिण आफ्रिकेचा, रॉयल एअर फोर्समधून बाहेर पडलेला, भारतभर लोकांना विमानातून चकरा मारून आणायचा धंदा केलेला, आणि टपाल विमानसेवेची कल्पना घेऊन टाटांकडे गेलेला तोच. १९४२ मध्ये युद्धात त्याचं विमान परत आलंच नाही. त्यामुळे जेआरडींच्या सह्या १९९३ पर्यंतच्या मिळतात आणि विन्सेंटच्या एका छोट्या काळातल्याच.

नवीन माणसाने एक गोष्ट लक्षात ठेवायची. जेआरडींनी १९६२ ला आणि १९८२ ला तीच भरारी पुन्हा मारली, १९८२ ला तर वयाच्या ७८ व्या वर्षी, लेपर्ड मॉथमध्ये. त्या निमित्ताने निघालेल्या पाकिटांवरच्या सह्या खऱ्या असतात, सुंदर असतात, पण त्या १९३२ च्या नव्हेत. विकणारा 'पहिल्या भरारीचं सही केलेलं पाकीट' एवढंच लिहितो आणि साल फोटोत कोपऱ्यात बारीक दिसतं.

कागदवेडा

@जुहूकर, पकडलंत बरोबर. पण पेकेने ज्या विमानातून टपाल नेलं त्याच्याच कार्डावर, त्याच दिवसांत, तिथेच सही केलीय. त्याला मी तिसरा खाना देतो, 'उडवणाऱ्यानेच सही केलेलं'. म्हणजे पायलट-साइन्ड कव्हर. चाळीस वर्षांनी कोणाच्या तरी दिवाणखान्यात केलेली सही आणि ही, यात फरक आहेच.

एडिसनकर

न्यूजर्सीतून हजेरी. इकडे या छंदाचं पीक जोरात आहे आणि मला तुमच्या दुसऱ्या खान्याबद्दल खूप बोलायचंय.

अमेरिकेत नियमित विमान टपाल १५ मे १९१८ ला सुरू झालं, वॉशिंग्टन ते फिलाडेल्फिया ते न्यूयॉर्क. पहिल्याच दिवशी काय तमाशा झाला बघा, वॉशिंग्टनला खुद्द राष्ट्राध्यक्ष विल्सन बघायला आलेले, आणि विमान सुरूच होईना कारण टाकीत पेट्रोलच नाही. मग भरलं, लेफ्टनंट जॉर्ज बॉइल उडाला आणि चुकीच्या रेल्वेलाइनचा माग धरून उत्तरेऐवजी दक्षिणेला गेला, मेरीलँडमधल्या वॉल्डॉर्फजवळ शेतात उतरताना विमान उलटं झालं. टपाल गाडीत घालून परत आणलं. दुसऱ्या टोकाकडून टोरी वेब आणि जेम्स एजर्टन यांनी आपापला टप्पा नीट पार पाडला, पण नाव लोकांच्या तोंडी बॉइलचंच. (त्याच वेळच्या २४ सेंटच्या तिकिटावर विमान उलटं छापलं गेलं, १०० तिकिटांचा एकच ताव बाहेर आला, त्यातलं एक २०२३ मध्ये २० लाख डॉलरला गेलं. ते आपल्या आवाक्यातलं नाही, पुढे जाऊ.)

सुरुवातीला लष्कराचे वैमानिक होते, ऑगस्ट १९१८ पासून पोस्टाने स्वतःचे नेमले. उघड्या कॉकपिटमध्ये बसायचं, खाली रेल्वेचे रूळ बघत जायचं, धुकं आलं तरी वरचा साहेब म्हणणार उडा. १९१९ ला यावरूनच वैमानिकांनी संप केला होता. १९१८ ते १९२७ या काळात तीसहून जास्त वैमानिक मेले. मॅक्स मिलर, पोस्टाने नेमलेला पहिला नागरी वैमानिक, सप्टेंबर १९२० मध्ये जळत्या विमानात गेला. जॅक नाइटने फेब्रुवारी १९२१ मध्ये रात्री, बर्फात, कधी न उडालेल्या रस्त्याने ओमाहाहून शिकागोपर्यंत टपाल नेलं, खाली लोकांनी शेकोट्या पेटवून वाट दाखवली. डीन स्मिथचं विमान बंद पडलं आणि उतरायला जागा म्हणून जी सापडली तिथे गाय उभी होती, गाय मेली, विमान मोडलं, आणि त्याने वरिष्ठांना पाठवलेली तार चार-दोन शब्दांच्या वाक्यांची होती, शेवटी 'मी घाबरलो' हेही लिहिलं होतं. असे लोक हे!

आता मुद्दा. या लोकांचे अहवाल, पगाराच्या पावत्या, पत्रं, सही केलेली पाकिटं अजून माणसाच्या बजेटमध्ये मिळतात, आणि एकट्याने अटलांटिक ओलांडणाऱ्या लिंडबर्गच्या एका सहीत यांच्या सहा-सात सह्या आरामात येतील. लोक मात्र लिंडबर्गच्याच मागे.

रद्दीसम्राट

लिंडबर्गचं नाव निघालंच आहे तर माझेही दोन पैसे. अटलांटिक ओलांडायच्या आधी हा सेंट लुइस ते शिकागो टपाल उडवायचा, १५ एप्रिल १९२६ पासून, ते टपाल नेणाऱ्या कंपनीचा मुख्य वैमानिक होता आणि १९२६ मध्येच दोनदा टपालाचं विमान सोडून पॅराशूटने उडी मारली. त्याच्या जोडीला फिलिप लव्ह आणि थॉमस नेल्सन होते. त्या मार्गाच्या पहिल्या दिवसाच्या पाकिटावर लव्हची किंवा नेल्सनची सही असेल तर घ्या डोळे झाकून (म्हणजे उघडे ठेवून). 'सी. ए. लिंडबर्ग' असेल तर डोळे, भिंग, दिवा, सगळं उघडं ठेवा.

प्रसिद्ध झाल्यावर हा सही द्यायला नाही म्हणायचा, म्हणून खऱ्या सह्या कमी आणि मागणी अफाट, म्हणून नकली अफाट. फेब्रुवारी १९२८ मध्ये तो मुद्दाम जुन्या मार्गावर पुन्हा टपाल घेऊन उडाला, लोकांनी आठवण म्हणून पत्रांचा नुसता पाऊस पाडला, 'लिंडबर्ग अगेन फ्लाइज द एअर मेल' असा शिक्का असलेली ती पाकिटं आज चहापाण्याच्या पैशात मिळतात. आता सांगा, नकली करणाऱ्याला अजून काय पाहिजे? पाकीट खरं, शिक्का खरा, तिकीट खरं, विमानातून गेलेलं खरं. फक्त सही काल रात्रीची.

हीच सगळ्यात जास्त चालणारी फसवणूक आहे, नवीन लोकांनो. सगळा कागद नकली नसतोच, कागद शंभर टक्के जुना असतो.

निळीशाई

मी कागद-संवर्धनाच्या कामात आहे, त्यामुळे रद्दीसम्राट म्हणतात त्यावर थोडं सविस्तर लिहिते.

जुन्या कागदावरची खळ (शाई पसरू नये म्हणून दिलेला लेप) काळाने मरते. त्यामुळे आज त्यावर पेनाने सही केली की शाई कडेने फुटते, बारीक केसांसारखे फाटे दिसतात. त्या काळीच केलेली सही असेल तर रेघेची कड साधारण स्वच्छ असते आणि शाई कागदात मुरून, लोखंडी शाई (लोखंडाचे क्षार घातलेली जुनी शाई) असेल तर तपकिरीकडे झुकलेली असते. दहापट भिंगाने हे दिसतं, फार महाग यंत्र लागत नाही.

दुसरं, सही आणि पोस्टाचा शिक्का एकमेकांवर आले असतील तर कोण वर कोण खाली ते बघायचं. वैमानिकाने उडायच्या आधी सही केली असा दावा असेल आणि शाई टपाल मुक्कामी पोचल्याच्या शिक्क्याच्या वर असेल, तर प्रश्न विचारा. तिसरं, सही डाग, घडी, फाटलेली कड यांना वळसा घालून जाते का. १९२८ मध्ये डाग नव्हताच तर माणूस त्याला चुकवून सही कशाला करेल? उलट सही घडीवरून गेली असेल आणि शाई घडीच्या चिरेत उतरली असेल तर घडी आधीची आणि सही नंतरची.

चौथं, बॉलपेन. बाजारात बॉलपेन आलं १९४५ च्या सुमाराला. १९३२ च्या पाकिटावर बॉलपेनची सही म्हणजे एकतर वैमानिकाने म्हातारपणी केलेली (हे चालतं, फक्त तसं सांगून विकावं) किंवा नकली. पाचवं, अतिनील दिवा. १९५० च्या आसपासपासून कागदात चकाकी आणणारी रसायनं घालायला लागले, ती या दिव्याखाली निळसर पांढरी चमकतात. १९२० चं म्हणून दिलेलं पत्र ट्यूबलाइटसारखं पेटलं की पुढे बघायची गरजच नाही.

आणि हो, छापील सह्या. जुन्या प्रमाणपत्रांवर अध्यक्षाची सही कित्येकदा छापलेली असते. भिंगाखाली शाईचा दाब कुठे कमी-जास्त होत नाही, रेघ एकसारखी सपाट. खाली वैमानिकाने स्वतः केलेली सही मात्र खरी असू शकते, आणि लोक वरच्या मोठ्या नावाला भुलून खालच्याकडे बघतच नाहीत.

सानिका_ठाणे

वाखू (वाचनखूण) साठवली. निळीशाई ताई, __/\__

खवचट_खंडू

एवढी चर्चा झाली आणि आपल्या तळपद्यांचं नाव नाही? १८९५ ला चौपाटीवर विमान उडवलं, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी. त्यांची सही असलेला कागद कोणाकडे आहे का?

कागदवेडा

@खवचट_खंडू, धाग्याला फाटा फोडायचाच होता ना? ठीक आहे, एकदाच उत्तर देतो. शिवकर बापूजी तळपदे ही खरी व्यक्ती, त्यांना विमानाचा ध्यास होता हेही खरं. पण कागद जमवणाऱ्या माणसाचा नियम साधा आहे, त्या दिवसाचा कागद दाखवा. चौपाटीच्या उड्डाणाची वर्तमानपत्रातली बातमी अमुक अंकात आली असं जो तो सांगतो, अंक कोणी पुढे ठेवत नाही. आणि ज्या 'वैमानिक शास्त्र' ग्रंथाचा आधार दिला जातो त्यातली विमानं उडूच शकत नाहीत असं बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मंडळींनी १९७४ मध्ये गणितं करून लिहून ठेवलंय. सही मिळाली तर मी स्वतः पहिला गिऱ्हाईक. पुढचा वाद वेगळ्या धाग्यात.

खवचट_खंडू

बरं बाबा. पॉपकॉर्न परत ठेवतो.

जुहूकर

रच्याकने (बाय द वे), भारतातल्या सह्यांबद्दल बोलायचं तर कलकत्त्याच्या स्टीफन स्मिथला विसरून कसं चालेल? हा माणूस टपाल रॉकेटमधून पाठवायचा! १९३४ पासून पुढची दहा वर्षं कितीतरी प्रयोग केले, सिक्कीमच्या राजाने मदत केली, आणि १९३५ मध्ये दामोदर नदीवरून रॉकेटमध्ये घालून चक्क एक कोंबडा आणि एक कोंबडी पलीकडे पाठवली, दोन्ही जिवंत उतरली. पाकिटांवर स्वतः सही करायचा, आणि भरपूर करायचा, त्यामुळे परवडतात. वैमानिक नाही म्हणून कागदवेडा नाक मुरडतील, पण सुरुवात करणाऱ्याला याहून चांगली जागा नाही.

कागदवेडा

नाक कशाला मुरडू, माझ्याकडे आहेत की! पण खरं सांगू का, त्यातली बरीच पाकिटं संग्राहकांना विकायलाच बनवलेली. प्रयोगाला पैसा तिथूनच यायचा. त्यात वाईट काही नाही, एमेलिया एअरहार्टनेही तेच केलं. १९३२ ला एकटी अटलांटिक ओलांडली तेव्हा बरोबर ५० पाकिटं नेली होती, नंबर घातलेली, सही केलेली. १९३७ च्या जगप्रदक्षिणेला हजारो पाकिटं घेतली, जूनमध्ये कराची, कलकत्ता करत पुढे गेली आणि जुलैत पॅसिफिकमध्ये विमानासकट नाहीशी झाली. म्हणून '१९३७ च्या प्रदक्षिणेत उडालेलं, सही केलेलं' असं कोणी विकायला आणलं तर हसून पुढे जायचं.

सानिका_ठाणे

एक विचारू का, हसू नका. आजीच्या ट्रंकेत एक पाकीट सापडलंय. माझे पणजोबा फाळणीआधी कराचीला रेल्वेच्या टपालात होते, आमचं अर्धं घराणं तिकडेच वाढलेलं. पाकिटावर कराचीचा शिक्का आहे, १५ ऑक्टोबर ३२, पत्ता गिरगावातला, मागे मुंबईचा शिक्का. तिकीट विमानाच्या चित्राचं. आणि पुढच्या बाजूला पेन्सिलीने एक सही आहे, दोन अक्षरं आणि खाली रेघ. पहिलं अक्षर जे असावं असं वाटतंय. जुहूकर काकांची पोस्ट वाचल्यापासून माझ्या छातीत धडधडतंय. जेआरडी???

एडिसनकर

अगं बाई!! फोटो टाक, दोन्ही बाजूंचा.

रद्दीसम्राट

आधी एक काम कर सानिका, व्यनित (खासगी निरोपात) येऊन 'मी घेतो, भाव सांगा' म्हणणाऱ्या कोणालाही उत्तर देऊ नकोस. येतील.

सानिका_ठाणे

आले :D तिघं. फोटो टाकलेत वर. सहीच्या शेजारी एक चौकोनी शिक्का पण आहे, पुसट, 'लेट फी पेड' असं वाचता येतंय.

निवृत्त_पोस्टमास्तर

सहसा नुसता वाचतो, आज लिहितो. बेटा, पाकीट अस्सल दिसतंय. तिकीट १९२९ च्या विमान टपाल मालेतलं आहे, शिक्के जागेवर आहेत, पत्ता टाकाने लिहिलाय आणि त्यावर शिक्का नंतर पडलाय. पण ती सही वैमानिकाची नाही. थैली बंद व्हायच्या वेळेनंतर आलेलं पत्र जादा फी घेऊन स्वीकारायचं, तो 'लेट फी' चा शिक्का. आमच्या नोकरीतही जादा फी घेतली की शेजारी आद्याक्षरं मारायची पद्धत होती, पुढे विचारणा झाली तर कोणी घेतलं ते कळावं म्हणून. जागा, पेन्सिल, खालची रेघ, सगळं टपाल कारकुनाचं आहे. वैमानिकाला सही करायला दिलं असतं तर त्याने शाईने, मोकळ्या जागेत, पूर्ण नाव लिहिलं असतं.

सानिका_ठाणे

ओह. मग ती पणजोबांची असेल का?? त्यांचं नाव ज वरूनच.

निवृत्त_पोस्टमास्तर

घरात त्यांची सही असलेला दुसरा कागद आहे का? सर्व्हिस बुक, पेन्शनचे कागद, काही? त्याच्याशी ताडून बघ. मात्र अक्षराचा उतार आणि सुरुवात कुठून होते ते बघ, 'दिसायला सारखं' यावर जाऊ नकोस.

सानिका_ठाणे

पेन्शनच्या कागदावर सही मिळाली. नाही जुळत हो. पणजोबांचा ज गोल आणि खाली लांब शेपटी, पाकिटावरचा ताठ, शेपटी नाहीच. दुसऱ्या कोणाची तरी आहे. आता पाकिटाची किंमत किती?

कागदवेडा

किमतीचं इथे उघड्यावर नको, ज्यांनी व्यनि केलेत ते टपूनच बसलेत. एखाद्या नावाजलेल्या लिलावात अशा पाकिटांना गेल्या काही वर्षांत काय मिळालं ते निकालांत शोध, तो खरा भाव, विकणाऱ्याने लावलेली किंमत म्हणजे भाव नव्हे. पण सही जेआरडींची नाही म्हणून नाराज होऊ नकोस. पहिल्या दिवसाची पाकिटं जी आधीच शिस्तीत आणून दिलेली असतात ती बहुतेक संग्राहकांची. इथे कोणीतरी पत्र उशिरा घेऊन धावत आलंय, जादा पैसे भरलेत, आणि कारकुनाने ते घेतल्याची खूण केलीय. मला विचारशील तर 'विथ बेस्ट विशेस' वाल्या दहा फोटोंपेक्षा मी हे घेईन.

जुहूकर

घेईन म्हणे! बघा, तुम्हीच चौथे व्यनिवाले :)

कागदवेडा

:) नाही हो, घरातलं घरातच राहू दे.

एडिसनकर

कागदवेडांना दुजोरा. इकडे एक संघटना होती, अर्ली बर्ड्स ऑफ एव्हिएशन, १९२८ ला स्थापन झालेली. १७ डिसेंबर १९१६ च्या आत ज्याने एकट्याने विमान उडवलं तोच सभासद. त्यातली निम्मी नावं आज कोणाला ठाऊक नाहीत. त्यांची आपसातली पत्रं मिळतात, वर्गणी भरायची राहिली, गुडघा दुखतोय, अमका गेला, असली. मी एकेक करून तीच जमवतोय. सहीची किंमत नावाने ठरते, वाचायची मजा मजकुरात.

सानिका, अमेरिकन एअर मेल सोसायटी १९२३ पासूनची आहे, त्यांचे कॅटलॉग बघ, कुठल्या दिवशी कुठल्या मार्गावर कोण वैमानिक होता हे त्यांत मार्गवार मिळतं. सही ज्याची म्हणतात तो त्या दिवशी त्या विमानात होता का, हा पहिला प्रश्न. त्याचं उत्तर पुस्तकात मिळतं, त्याला भिंगही लागत नाही.

रद्दीसम्राट

आणि प्रमाणपत्राबद्दल. 'सर्टिफिकेट ऑफ ऑथेंटिसिटी' म्हणून विकणाराच स्वतःच्या प्रिंटरवर छापून देतो, सोनेरी स्टिकर लावून. त्याला कागदाच्या वजनाएवढीच किंमत. त्रयस्थ संस्थेने तपासलं असेल तर नंबर घेऊन त्यांच्या साइटवर खात्री करायची. शिवाय कागद कोणाकडून कोणाकडे आला याचं जुनं बिल, जुन्या लिलावाच्या कॅटलॉगचं पान, मूळ पत्र ज्याला आलं त्याच्या घरच्यांची चिठ्ठी, यातलं काही असेल तर ते पाकिटापासून कधीही वेगळं करू नका. मागे एका ऑनलाइन विक्रेत्याने मला एका फ्रेंच वैमानिकाचं पत्र दिलं, पत्र खरं होतं, पण बरोबरची मूळ चिठ्ठी त्याने 'जुना कचरा' म्हणून फेकून दिली होती. दोन रात्री झोप नाही.

जुहूकर

विन्सेंटबद्दल एक राहिलं. पावसाळ्यात जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं, मग टाटांचं सगळं बिऱ्हाड विमानांसकट पुण्याला हलायचं, येरवड्याच्या तुरुंगाजवळच्या मैदानावर. म्हणजे पुणेकरांनो, जुन्या बाजारात चाळताना १९३३-३४ च्या जून ते सप्टेंबरची विमान टपालाची पाकिटं दिसली तर मागचे शिक्के नीट बघा. मी अजून शोधतोय, आधी मला सांगा मग इतरांना.

पेठेतला_पक्या

सांगतो की. दुपारी एक ते चार सोडून.

सानिका_ठाणे

शेवटचे दोन प्रश्न. हे ठेवायचं कसं? सध्या आईने लॅमिनेट करून आणूया म्हणून मागे लावलंय. आणि माझी आत्या टोरांटोला असते, ती म्हणतेय मला पाठव, माझ्या आजोबांची आठवण.

निळीशाई

लॅमिनेशन नाही नाही नाही! आईंना माझा नमस्कार सांग आणि पाकीट लपवून ठेव. उष्णतेने शाई आणि डिंक दोन्ही जातात आणि ते परत सुटत नाही. सेलोटेपही नाही. बाजारातल्या मऊ, वास येणाऱ्या प्लॅस्टिकच्या अल्बममध्ये पीव्हीसी असतं, ते काही वर्षांत चिकट होऊन कागद खातं. पॉलिस्टरचं पारदर्शक पाकीट घे, दोन बाजूंनी उघडं असलेलं, मागे आम्लविरहित जाड कार्ड. ठाण्यात पावसाळ्यात हवेतच पाणी, म्हणून लोखंडी कपाटात भिंतीला न टेकता, डब्यात सिलिका जेल, आणि ते निळ्याचं गुलाबी झालं की बदलायचं. तांबूस डाग आले तर स्वतः पुसायला जाऊ नकोस. डांबराच्या गोळ्या कागदाशेजारी नकोत. फ्रेम करायची हौस असेल तर रंगीत झेरॉक्स फ्रेम कर, जांभळी-गुलाबी शाई उन्हात वर्षभरात उडून जाते.

निवृत्त_पोस्टमास्तर

टोरांटोबद्दल जरा थांब बेटा. १९७२ चा पुरावस्तूंचा कायदा आहे. ऐतिहासिक वगैरे महत्त्वाचा दस्तऐवज ७५ वर्षांहून जुना असेल तर तो पुरावस्तू ठरू शकतो आणि खासगी माणसाला तो देशाबाहेर नेता-पाठवता येत नाही. १९३२ चं पाकीट वयात बसतंच. त्याला तेवढं महत्त्व आहे की नाही हे ठरवायचा अधिकार पुरातत्त्व खात्याचा, तुझा माझा नाही. पुरावस्तू नसल्याचं प्रमाणपत्र त्यांच्याकडून मिळतं, ते हातात आल्याशिवाय कुरियरच्या खिडकीवर जाऊ नकोस.

एडिसनकर

हे मला माहीतच नव्हतं! मी गेल्या वर्षी कोल्हापूरच्या एकाला पाठव म्हणून मागे लागलो होतो, तो टाळत होता, मला वाटलं भाव खातोय. उलट बाजूने मात्र अडचण कमी, इकडून तिकडे येताना फक्त कस्टम्सवाले किमतीवर ड्युटी लावतात आणि कुरियरवाला वर स्वतःचे पैसे.

सानिका_ठाणे

मग आत्याला चांगल्या रेझोल्यूशनचं स्कॅन पाठवते, दोन्ही बाजू. निळीशाई ताई, स्कॅनरच्या उजेडाने काही होत नाही ना?

निळीशाई

एकदा-दोनदाने काही नाही. काच पुसून घे, पाकीट दाबू नकोस, झाकण अलगद ठेव. ६०० डीपीआयला कर. आणि पेन्सिलीच्या सहीचा वेगळा, आडव्या उजेडातला एक फोटो काढ, अक्षराचे वळसे त्यात जास्त स्पष्ट येतात. इथेही टाक, पोस्टमास्तर काकांना दुसरं अक्षर वाचता येतंय का बघू.